प्रॉम्प्टरताईंचे अकरा सेकंद

"बोथट," निर्मातीबाईंनी वाचलं. "दुसरा म्हणतो, कालचा पेपर आज चढ्या आवाजात वाचून दाखवणारा कार्यक्रम. तिसऱ्याने तर लिहायचेसुद्धा कष्ट घेतलेले नाहीत, नुसती वेळ छापलीय."

कुणी हसलं नाही. रविवारी संध्याकाळी सातला थेट प्रक्षेपण आणि सोमवारी सकाळी दहाला स्टुडिओत परीक्षणांचं वाचन, ही इथली रीत होती. ऐकताना खुर्चीवर बसायचं नाही, हा निर्मातीबाईंचा दंडक. शिव्या उभ्यानेच खायच्या असतात, असं त्या म्हणायच्या आणि सगळ्यांत जास्त स्वतःच खायच्या.

प्रॉम्प्टरताई दाराजवळ उभ्या होत्या. पर्समध्ये राजीनामा होता, रात्रीच लिहून ठेवलेला. हाकलण्याआधी आपण होऊन गेलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब.

ताईंचं काम ऐकायला सोपं. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर निवेदकाचा मजकूर उमटतो, तो हातातली चकती फिरवत त्याच्या बोलण्याच्या चालीने वर सरकवायचा. बघणाऱ्याला वाटतं, गड्याचं पाठांतर काय जबरदस्त! पाठांतर कसलं डोंबलाचं, सगळा खेळ ताईंच्या अंगठ्यावर. पंचवीस वर्षं त्यांनी बातम्या, भाषणं, हवामान, काय काय सरकवलं. हात एकदाही अडला नव्हता. काल अडला.

त्याचं असं झालं. राजकारण्यांची टिंगल करणाऱ्या या कार्यक्रमाचं शेवटचं पान कार्यक्रम चालू असतानाच लिहिलं जायचं. साडेसहाला एखादा मंत्री काही बरळला की साडेसातला त्याची खिल्ली तयार. ते पान ताईंनाही आधी वाचायला मिळायचं नाही, वाचत वाचतच सरकवायचं.

"आरोग्यमंत्री म्हणतात, दवाखान्यांत खाटा पुरेशा आहेत," निवेदक म्हणाला. ताईंना आपल्या पडद्यावर पुढची ओळ दिसली: 'फक्त लोकांनी आळीपाळीने आजारी पडावं.' विनोद चांगला होता. पण ताईंचा अंगठा जागच्या जागी थिजला.

दीड वर्षापूर्वी त्यांचे यजमान दवाखान्याच्या बोळात, लिफ्टशेजारी, चाकांच्या स्ट्रेचरवर दोन दिवस पडून होते. खाट मिळाली नाही, ते तिथेच गेले. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागला की तेच म्हणायचे, "माफ करा हं, पाय आत घेतो." मरणाऱ्या माणसाने का मागायची माफी? ताईंना त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

तर काचेवरचा मजकूर हलेना. निवेदक काचेकडे बघत राहिला. पुढे काय बोलायचं ते बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घाबरून आलं, दुसरं काय! मग ताई भानावर आल्या, त्यांनी गडबडीने चकती फिरवली, ती ओळ वर निघून गेली आणि निवेदकाने सरळ पुढचा विषय धरला.

"आता खडूस," निर्मातीबाई म्हणाल्या. खडूस म्हणजे सगळ्यांत मोठ्या दैनिकाचा समीक्षक. चार महिन्यांत त्याने एक बरा शब्द लिहिला नव्हता. बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाजच बदलला.

"विनोद ओठांवर आला होता. निवेदकाने तो गिळला आणि अकरा सेकंद तो नुसता आपल्याकडे पाहत राहिला. चार महिन्यांत या कार्यक्रमाने मला एकदाही हसवलं नाही. काल मला रडू आलं."

टाळ्या झाल्या. सगळे निवेदकाकडे वळले. तो मात्र ताईंकडे बघत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

"म्हणजे... त्या क्षणी आतूनच काहीतरी झालं," तो म्हणाला.

झालं खरं, पण माझ्या खुर्चीत, ताई मनात म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. उलट जीव भांड्यात पडला. घरी जाऊन त्यांनी राजीनाम्याचे बारीक तुकडे केले.

खडूसने लिहिलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही ती शांतता ग्रेट वाटू लागली. कुणी तिच्यावर लेख लिहिला, कुणी निवेदकाची मुलाखत घेतली. वर्षाच्या शेवटच्या भागाचं लिखाण ताईंच्या हातात आलं, तेव्हा त्यात तोच खाटांचा विनोद होता आणि पुढे ठळक अक्षरांत सूचना होती: 'इथे प्रॉम्प्टर थांबेल. अकरा सेकंद.'

ताई तशाच मेकअपच्या खोलीत गेल्या. निवेदक गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता.

"हे काय आहे रे?"

"मी नको म्हणत होतो, ताई."

"खोटं बोलू नकोस."

"बरं, नको म्हणालोच नाही. कसा म्हणणार? महिनोन्‌महिने शिव्या खाल्ल्या, मग कुणीतरी चांगलं म्हणालं, आणि नेमकं तेच माझं नव्हतं." त्याने गळ्याभोवतीचा टॉवेल सोडला. "तुमचा हात का थांबला होता हो?"

इतक्या दिवसांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. ताईंनी सांगितलं, चार वाक्यांत. त्याची मान खाली गेली.

"मग तर तुम्हीच थांबवा ना, ताई. तुमच्याइतकं खरं कोण..."

"एकदा थांबला तो थांबला. तुम्ही म्हणाल तेव्हा नवऱ्याला पुन्हा त्या बोळात झोपवायला मी नाही बसायची."

"मग खुर्चीवर कोण बसणार?"

"कुणालाही बसव. थांबायला काय अक्कल लागते?"

निर्मातीबाईंनी समजावून पाहिलं. "आज खुर्ची सोडलीत तर परत मिळेलच असं नाही, ताई."

"ठाऊक आहे," म्हणत ताईंनी पर्स उचलली.

घरी मुलगा चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून नुकताच आला होता. बापाला खाट मिळावी म्हणून त्याने त्या दोन दिवसांत चार दवाखाने पालथे घातले होते. त्यानंतर घरात बापाचं नाव काढलं नव्हतं, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आई एवढ्या लवकर कशी, हेही त्याने विचारलं नाही. दोघं टीव्हीसमोर बसले.

खाटांचा विनोद आला. शांतता सुरू झाली. सातव्या सेकंदाला निवेदकाने नजर खाली घेतली, नवव्याला वर उचलली. मस्त बसवलं होतं. नाटकी मेला, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं.

"आई," मुलगा म्हणाला. "बाबा सारखे पाय आत घेत होते."

आणि तो हुंदके देऊन रडू लागला. एवढा मोठा बाप्या, ताईंनी त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"मी अजून एका ठिकाणी विचारायला हवं होतं."

"नव्हती रे खाट. कुठेच नव्हती."

टीव्हीवर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. बंद करायचं भान दोघांनाही नव्हतं.

सोमवारी सकाळी पेपर आला. दहाला उभं राहायला आता ताईंना कुठे जायचं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरात बसून खडूसचं परीक्षण सावकाश वाचलं. 'या वेळचे अकरा सेकंद पाठ केलेले होते. निवेदक मनात आकडे मोजत होता. या शांततेने ज्याला रडू आलं असेल, त्याची शुद्ध फसवणूक झाली आहे.'

मोठा जाणता माणूस. शब्दन्‌शब्द खरा होता.

मुलगा अंघोळ करून आला. डोळे सुजलेले, पण चेहरा किती दिवसांनी मोकळा.

"पेपर आला का गं? कालच्याबद्दल काय लिहिलंय बघू."

ताईंनी पेपर घडी करून मांडीखाली सारला.

"नाही आला अजून," त्या म्हणाल्या. "चहा घे आधी."