वीज गेल्यास जवळ बसून राहा

शुगो हागिवारा वारला तेव्हा त्याच्या मागे एक बायको, एक छत्री, एक कात्री आणि एक परिच्छेद उरला.

छत्री आणि कात्री एकेकच असायला कारण होतं. शुगोचं ठाम मत असं, की एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवली की त्यातली एक खोटं बोलायला लागते. घरात दोन घड्याळं होती, तर दोन्हींत थोडा फरक पडतो म्हणून त्याने एक शेजाऱ्यांना देऊन टाकलं. मग शेजारी उशिरा यायला लागले. पाऊस आला की नवराबायको एका छत्रीत अर्धे अर्धे भिजत जायचे. लग्नाआधी चिनात्सुने त्याला विचारलं होतं, "आणि बायको?"

"तीही एकच. तेच तर सांगतोय मघापासून," तो म्हणाला होता.

त्याच्या आयुष्यातलं प्रेमाचं म्हणून जे काही बोलणं झालं, ते एवढंच.

दोघं जपानातल्या निइगाताकडच्या त्सुबामे गावात, घरगुती विजेची उपकरणं करणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. भात शिजवायचं भांडं, हीटर, पंखा, केस वाळवायचं यंत्र, संडासाची गरम होणारी बैठक, जे म्हणाल ते. आणि हे सगळं कसं वापरायचं ते लिहिणाऱ्या माहितीपुस्तिका विभागात दोघांची टेबलं समोरासमोर. पूर्वी तिथे छापायची पुस्तिका एक जण लिही आणि वेबसाइटवरची मदत दुसरा. पुस्तिका म्हणे तांदूळ अर्धा तास भिजवा, वेबसाइट म्हणे एक तास, आणि सासवा-सुना फोन करून विचारत की आमच्यातलं बरोबर कोण. शुगोने ते सगळं मोडून एकच 'मूळ' उभं केलं. आता जे लिहायचं ते एकदाच, मुळात. त्याच मुळातून कागदही निघणार आणि पडद्यावरची मदतही. मुळातल्या प्रत्येक तुकड्याला खुणा लावायच्या: हा कुठल्या उपकरणाचा, साधी सूचना की इशारा, कागदावर जाणार, पडद्यावर जाणार, की दोन्हीकडे. उपकरणाचं नावसुद्धा लिहायचं नाही, तिथे रिकामा चौकोन सोडायचा. ज्याच्या पुस्तिकेत तुकडा जाईल त्याचं नाव आपोआप चौकोनात येऊन बसे. एका तुकड्याची नक्कल करून दुसरीकडे चिकटवणं हा विभागातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. त्याच्या खालोखाल दुसऱ्याचं पुडिंग फ्रिजमधून काढून खाणं.

मुळात कुणाचाच हात ओळखू येत नसे. वाक्य आखूड हवं, भावना नको, 'कृपया' एका पानावर एकदाच. शुगोने वर्षानुवर्षं जे लिहिलं ते इतरांनी घासून घासून असं गुळगुळीत केलं की त्यात शुगो नावालाही उरला नाही. एकच परिच्छेद निसटला. भाताच्या भांड्याच्या पुस्तिकेत अगदी मागे, 'वीज गेल्यास' या मथळ्याखाली. उजेड असताना तो भाग कुणी वाचत नाही आणि अंधारात तो वाचता येत नाही, त्यामुळे तो वाचला.

'काम चालू असताना वीज गेल्यास [ ] उघडू नका. अंधारात काही केल्याने काम लवकर होणार नाही. जवळ बसून राहा. वीज आली की [ ] आपणहून पुढे सुरू होईल.'

त्याला त्याने 'फक्त कागद' अशी खूण लावली होती. वीज गेल्यावर वेबसाइट कोण बघणार, हा त्याचा हिशेब.

तो आजारी पडला तेव्हा चिनात्सु तशीच दवाखान्यात बसून राहिली होती. तो गेल्यावर तिने त्याचं काही लिहिलेलं सापडतंय का म्हणून घर पालथं घातलं. पत्रं लिहायची त्याला सवय नव्हती. फोनवर निरोप होते: 'दूध.' 'उशीर.' 'दूध आणलं.' म्हणून मग हा परिच्छेद. जेवायच्या सुट्टीत ती मूळ उघडायची, तो तुकडा काढायची आणि भाताचा गोळा खाता खाता वाचायची. बाजूच्या रकान्यात लिहिलेलं असे, 'लेखक: हागिवारा शुगो'. त्याच्याच शेजारी बसून जेवल्यासारखं वाटे. तो जिवंत असतानाही जेवताना याहून जास्त बोलत नसे, त्यामुळे फरक फार जाणवत नसे.

शरद ऋतूत विभागप्रमुख कुनिमोतो-सान यांनी सगळ्यांना उभं करून जाहीर केलं, की कागद बंद. खोक्यात यापुढे एक घडीचं पान जाईल, त्यावर कायद्याने सक्तीचे तेवढे धोक्याचे इशारे. बाकी सगळं वेबसाइटवर.

"आणि 'फक्त कागद' खुणेचे तुकडे?" चिनात्सुने विचारलं.

"ते नव्या वर्षाआधी पुसायचे. कागदच नाही तर कागदाचे तुकडे कशाला?"

"पडद्याची खूण लावली तर?"

"वीज गेल्यावर काय करायचं ते विजेवर वाचायचं?" पलीकडच्या टेबलावरचा उएमात्सु म्हणाला. तो विभागातला वात्रट. "उद्या पोहता येत नसेल तर काय करावं याची पाटी तळ्याच्या तळाशी लावाल."

सगळे हसले. चिनात्सुही हसली, कारण उभं राहून हसायचीच वेळ होती ती.

दोन दिवस तिने विचार केला. कागदावर आता फक्त इशाऱ्यांना जागा होती. मग तिने त्या तुकड्याची 'सूचना' ही खूण काढली आणि 'इशारा' ही लावली. बस्स, एवढंच. डोक्यावर पिवळा त्रिकोण आला. त्रिकोण आला की तुकड्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही, कारण इशारा काढला आणि उद्या कुणाचं बोट कापलं तर काढणाऱ्याचं नाव निघतं. मंजुरीच्या कागदावर तिघांनी आपापल्या नावाचे ठसे मारले. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आपला ठसा वरच्या साहेबाच्या ठशाकडे किंचित कलता मारला, वाकून नमस्कार केल्यासारखा. कलता मारण्यात सगळं लक्ष गेलं, मजकूर कुणी वाचला नाही.

आणि चिनात्सुनेही एक गोष्ट पाहिली नाही. इशारा म्हटलं की मूळ तो एकाच उपकरणाला देत नाही. ज्याला ज्याला वायर आहे त्या प्रत्येकाला देतं.

हिवाळा तोंडावर आला तसे फोन सुरू झाले. पंख्याच्या पानावर होतं, 'वीज गेल्यास पंखा उघडू नका, जवळ बसून राहा.' केस वाळवायच्या यंत्राच्या पानावर, 'अंधारात काही केल्याने काम लवकर होणार नाही.' संडासाच्या बैठकीच्या पानावरही तेच होतं, शब्दाचाही फरक नव्हता: 'काम चालू असताना वीज गेल्यास... जवळ बसून राहा.'

"याला मात्र काही म्हणता येत नाही," उएमात्सु म्हणाला. "माणूस दुसरं करणार तरी काय?"

लोक हसले नाहीत. छापलंय म्हणजे पाळायचं, अशी माणसं. जवळ म्हणजे किती जवळ, असं एकाने विचारलं. घरात दोन उपकरणं असतील तर आधी कुणाजवळ, असं एका बाईने विचारलं. कंपनीने बैठक घेतली. चूक झाली असेल अशी शंका कुणी बोलून दाखवली नाही, कारण ठसे पडले होते. 'जवळ म्हणजे हात पुरेल इतके' असं उत्तर ठरवून फोन घेणाऱ्या मुलींना पाठ करायला दिलं.

चिनात्सु जागेवर बसून सगळं ऐकत होती. घाबरायला हवं हे तिला कळत होतं. पण जिकडे तिकडे लोक शुगोचं ऐकत होते. जिवंतपणी त्याचं ऐकणारी ती एकटीच होती, आणि तीही अर्धंच ऐकायची.

मग तोकामाची गावाच्या वरच्या अंगाला ओला, जड बर्फ पडला, तारा तुटल्या, आणि कानेयो नावाच्या आजींची नडगी भाजली.

माफी मागायला कुनिमोतो-सान आणि चिनात्सु दोघं गेले. कुनिमोतो-सान यांनी वाटेत योकानचं खोकं घेतलं. माफीची मिठाई वजनाला जड हवी, हलकी नेली तर पश्चात्तापही हलका वाटतो. बर्फातून चढताना ते खोकं त्यांनी तीनदा हात बदलून धरलं आणि मजकुराच्या मुळाशी कोण आहे हे एकदाही विचारलं नाही.

आजी पाय लांब करून बसल्या होत्या. दोघांनी चटईला कपाळ टेकवलं.

"उठा, उठा. मान दुखेल," आजी म्हणाल्या. "मी काय मेले नाही. नवा हीटर, लेकीने पाठवलेला. त्याच्यावर लिहिलेलं, वीज गेली की जवळ बसून राहा. बसले. पांघरूण घेऊन बसले, हात पुरेल इतक्या अंतरावर. फोन करून विचारून घेतलं होतं मी."

कुनिमोतो-सान यांनी पुन्हा कपाळ टेकवलं.

"बसल्या बसल्या डोळा लागला. वीज आली, हा आपणहून सुरू झाला. तेही लिहिलेलं होतंच म्हणा. पांघरुणाला धग लागली, पायाला लागली. लेक म्हणते, आई, हीटरजवळ कुणी अंधारात बसतं का? मी म्हटलं, छापलंय गं."

"आमची घोडचूक आहे," कुनिमोतो-सान म्हणाले.

"कुणी लिहिलं हो ते?"

"आमच्याकडे कुणी एक असं लिहीत नाही, आजी. मूळ लिहितं."

"मूळ," आजी म्हणाल्या. त्यांनी चिनात्सुकडे पाहिलं. "तू का रडतेस, पोरी? पाय माझा भाजलाय."

"मीच लावला तो इशारा," चिनात्सु म्हणाली. "मी लिहिला नाही. पण तिथे मी लावला."

कुनिमोतो-सान चटईच्या विणीकडे बघत राहिले.

पांघरुणाचा करपलेला कोपरा हातात घेऊन आजी म्हणाल्या, "माणसाला जवळ बसा म्हणणं वाईट नाही गं. पण हीटरजवळ? आता माझ्या बहिणीकडेही हाच हीटर आहे, ती तर माझ्याहून आज्ञाधारक. काढून टाक ते. आजच काढ."

"काढते," चिनात्सु म्हणाली.

परतताना कुनिमोतो-सान एवढंच म्हणाले, की खोकं आणखी जड घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीपत्रक करायचं काम तिच्याकडेच आलं. दुरुस्तीपत्रकाचा साचा ठरलेला असतो. डावीकडे 'चूक', उजवीकडे 'बरोबर'. डावीकडे मूळ वाक्य जसंच्या तसं द्यावं लागतं, नाही तर लोकांना कळणार कसं काय चुकलं. ती टाइप करत गेली: जवळ बसून राहा. त्यावर चूक असा मथळा.

कुनिमोतो-सान तिच्या टेबलाशी आले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर वाहनतळाशिवाय काही नव्हतं.

"भाताच्या भांड्याला ते वाक्य बरोबर आहे," ते खिडकीला म्हणाले. "शिजत्या भाताचं झाकण उघडू नये, हे माझी आईही सांगायची. मुळात दुरुस्ती कराल तेव्हा सगळीकडचं जाईल. पण त्याआधी कुणी त्या तुकड्याची नक्कल करून फक्त भांड्यासाठी ठेवली, तर मी आत्ता गाड्या मोजतोय, मला दिसणार नाही."

नक्कल. ज्या माणसाने ते मूळ उभं केलं त्याचं वाक्य वाचवायला त्याच्याच मुळात हा गुन्हा. पलीकडे उएमात्सु पुडिंग खात होता, बहुतेक दुसऱ्याचं. त्यानेही मान फिरवली.

चिनात्सुने नक्कल केली.

तेच शब्द होते. उघडू नका, अंधार, जवळ बसून राहा. नवा तुकडा पडद्यावर आला आणि बाजूच्या रकान्यात मुळाने आपणहून भरलं, 'लेखक: हागिवारा चिनात्सु'.

तिने ते खोडून त्याचं नाव घालायचा प्रयत्न केला. मूळ म्हणालं, या नावाचा कर्मचारी नाही.

तिने तुकडा पुन्हा वाचला. आता तो तिने लिहिलेला वाटत होता. बायकोने नवऱ्याला जवळ राहा म्हटल्यासारखा, आणि तसं तर तिने दवाखान्यात म्हणूनच पाहिलं होतं, तो राहिला नव्हता. तिने नक्कल पुसली.

मग मूळ तुकडा उघडला. 'जवळ बसून राहा' पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'लांब व्हा'. एवढ्यानेच पंख्यापासून संडासापर्यंत, मुळातल्या जुन्या पुस्तिकांपासून नव्या घडीच्या पानांपर्यंत, सगळीकडे एकदम झालं. मूळ चांगलं केलेलं होतं. कुठे म्हणून उरलं नाही.

"झालं?" कुनिमोतो-सान यांनी खिडकीकडेच तोंड ठेवून विचारलं.

"झालं."

दुरुस्ती केली तरी मूळ लेखकाचं नाव बदलत नाही, असा नियम होता. रकान्यात ते तसंच होतं. लेखक: हागिवारा शुगो. 'वीज गेल्यास लांब व्हा,' असं तो म्हणत होता.

चिनात्सुने खुर्ची थोडी मागे सरकवली.