गाल फुगवून

आमच्या घरात फरशीवर वाढून घेतलं तरी चालेल, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. माझी धाकटी बहीण मात्र ढिसाळ. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, खिडक्या सताड उघड्या, जिथे बघाल तिथे धूळ. "तुझ्याकडे यायचं तर चपला घालूनच फिरावं लागतं," असं मी तिला चिडवायचे.

माझी नऊ वर्षांची चिमी दोन वर्षं खोकत होती. सुरुवातीलाच डॉक्टर म्हणाले, दमा आहे, धुळीपासून जपा. मग काय, मी पदर खोचला. खिडक्या बंद, फिनेल दिवसातून दोनदा. मोरीत ब्लीचिंगचं पाणी आणि ॲसिड एकत्रच ओतायचे. एकाने डाग जातात, दोन्हींनी जंतूही जातील असं माझं डोकं. घसा चरचरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. नाकाला झोंबलं की मला बरं वाटायचं. ती जास्त खोकली की मी जास्त घासायचे. शाळेतून आली की चिमी दारात गाल फुगवायची आणि तशीच आत पळायची. "काय गं माकडा," म्हणून मी हसायचे.

सुट्टीत ती पंधरा दिवस मावशीकडे राहिली. बहिणीचा फोन आला.

"ताई, दम्याचा पंप पिशवीतून काढलाच नाही गं तिने. तीन जिने पळत चढते!"

"उगाच काहीतरी सांगू नकोस," मी म्हणाले. मला रागच आला होता.

परत आल्यावर चौथ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर कशाने पुसता?" तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी एकेक नाव तोऱ्यात सांगितलं, दोन्ही एकत्र ओतते तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, त्यातून विषारी वायू निघतो. तोही बंद घरात! फुप्फुसं पूर्वीसारखी होतील, असं मी सांगू शकत नाही."

दोन वर्षं मी माझ्या हातांनी लेकीला विष देत होते, आणि वर मिरवत होते.

बाटल्या काढून टाकल्या, खिडक्या उघडल्या. धूळ आली, येऊ दे. आठवड्याने चिमी दवाखान्यातून घरी आली. दारात थांबली आणि तिने गाल फुगवले.

"अगं, घे श्वास. आता काही नाहीये घरात."

ती तशीच खिडकीपर्यंत गेली, डोकं बाहेर काढलं आणि मगच श्वास सोडला.

"सवय झालीये गं," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."