पिवळं झालेलं नाव

"भाऊ, जरा सरका न, मले पिवळं पाहू द्या!"

हा आमचा शिपाई भैय्यालाल. मला, ताराचंदला, माझ्याच टेबलाजवळून सरका म्हणत होता! बावीस वर्षं या पुनर्वसन ऑफिसात ऑपरेटर आहे मी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांच्या याद्या याच बोटांनी टाइप केल्यात.

आणि तीन महिन्यांपूर्वी आलेल्या तृप्तीनं, याद्या ज्यात उघडतात त्या काळ्या पडद्याच्या एडिटरमध्ये कसलीशी सेटिंग केली. तिरकी रेघ, नाव, एंटर. ते नाव जिथं जिथं असेल, तिथं तिथं पिवळं! झालं, सगळं ऑफिस तिच्या खुर्चीमागं.

"बाप्पा! यादीवर हळद सांडल्यावानी वाटते वो पोरी!" भैय्यालाल तिला म्हणायचा.

पूर्वी कोणी आलं की मी पडद्याकडे न बघता सांगायचो, "नाव हाय, जा खुशाल." लोक हात जोडायचे. आता माझ्याकडे वेळ विचारायलाही कोणी थांबेना. जळलो मी. उगाच कशाला लपवू? त्या पोरीचं हसणंसुद्धा मला सोसत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले. मी तिच्या मशीनवर सेटिंगची फाइल उघडली. 'एचएलसर्च', म्हणजे सापडलेलं रंगवा, या शब्दाआधी इंग्रजी 'नो'ची दोन अक्षरं टाकली, एडिटर बंद करून पुन्हा लावला आणि साळसूदपणे जागेवर येऊन बसलो. त्या दिवशी गार भाजीही गोड लागली मला.

दुपारी निर्मलाबाई आली. गाव बुडालेलं, नवरा गेल्या वर्षी वारलेला. नव्या वसाहतीतलं घर तिच्या नावावर व्हायचं, तर जुन्या यादीत नवऱ्याचं नाव सापडायला हवं. ते नाव ती तोंडानं घेईना. तिच्या वयाच्या बाया घेतच नाहीत. तिनं चिठ्ठी पुढं केली.

तृप्तीनं 'धनीराम' टाकून एंटर दाबलं. पिवळं काहीच झालं नाही. कर्सर गुपचूप नावावर जाऊन बसला होता, पण पिवळ्याला सोकावलेल्या डोळ्यांना तो दिसतो कशाला!

"आजी, नाव नाई जी यादीत."

"नाई?"

"तृप्तीच्या मशीनमंधी नाई म्हणजे नाईच," भैय्यालालनं निकाल दिला.

म्हातारीनं वाद घातला नाही. चिठ्ठीची घडी केली, कमरेला खोचली आणि निघाली. मी बसूनच. धनीराम, तळ्याकाठचं घर, मीच टाइप केलेला. बोललो तर माझी लबाडी उघडी पडत होती, आणि गप्प बसलो तर बाईचं घर जात होतं. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मी उठलो. अक्षरशः धावलो.

"बाई, थांबा. नाव हाय तुमच्या मालकाचं."

"कायले धीर देता जी? सगळ्याइचं नाव पिवळं होते म्हणते तिथं. माह्यं नाई झालं."

"मी सांगून राहिलो ना!"

"तुमच्या सांगण्यानं काय होते, भाऊ?"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. तिला हाताला धरून परत आणलं. तृप्तीला उठवलं, फाइल उघडली, सगळ्यांसमोर ती दोन अक्षरं खोडली आणि एडिटर पुन्हा लावून नाव टाकलं. पडद्याच्या मधोमध धनीराम पिवळा झाला.

तृप्तीचा चेहरा उतरला. "काका, हे कोणं बंद केलं होतं?"

"मीच."

भैय्यालाल खाली बघू लागला. तृप्ती काहीतरी बोलणार होती, पण निर्मलाबाई मध्येच पुढं वाकली.

"मले वाचता येत नाई जी. हे पिवळं, हे त्याइचं नाव?"

"हो, बाई."

"इतकुसंच?"

"इतकुसंच."

बावीस वर्षांत शेकडो लोकांना मी नाव आहे म्हणून सांगितलं. कोणाला ते दाखवावं, असं कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

निर्मलाबाईनं बोट पदराला पुसलं आणि पडद्याच्या काचेवर, त्या नावावर ठेवलं. मागं दोघंजण रांगेत होते. तृप्तीनं पुढच्याचं नाव टाकायला कीबोर्ड जवळ ओढला, पण तिला बोट काढा म्हणाली नाही.