हिरव्या ठिपक्याच्या फायली

दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मेडिकलची पोरं फुकट दवाखाना चालवायची. त्यातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला सगळे टक्केवाली म्हणायचे. म्हणणारच! समोरचा खोकून बेजार झाला तरी ही बया पन्नाशीपुढच्या किती जणांची आतड्याच्या कॅन्सरची तपासणी झाली, याचे टक्के काढत बसायची. आजार वाढण्याआधीच पकडावा, असं तिचं म्हणणं, आणि त्यात काही चूक नव्हती.

तिने काम हाती घेतलं तेव्हा शंभरात चौदा जणांची तपासणी झालेली होती. तिने डब्या मागवल्या. डबी घरी न्यायची, शौचाचा नमुना घालायचा, परत आणून द्यायची, मग त्यात न दिसणारं रक्त आहे का ते तपासायचं. डबी दिली की फाईलवर हिरवा ठिपका चिकटवायचा, म्हणजे दर आठवड्याला बदलणाऱ्या पोरांनी त्याच माणसापुढे तेच व्याख्यान झोडू नये. आठ महिन्यांत ठिपके शंभरात एक्क्याऐंशी झाले. देखरेखीच्या डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली, भिंतीवर तक्ता लागला, टक्केवालीची कॉलर ताठ झाली. परत आलेल्या डब्या मात्र कुणी मोजल्याच नाहीत. एवढी हुशार पोरं, आणि एवढं साधं एकालाही सुचू नये!

कोपऱ्यावरचे शिंपीकाका दर महिन्याला ब्लडप्रेशर बघायला यायचे. टक्केवालीच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या त्यांनीच आखूड करून दिल्या होत्या, वर पोरगी केवढी आणि कोट केवढा म्हणून चिडवलंही होतं. त्या शनिवारी ते बाकावरून उठले आणि तिचं लक्ष त्यांच्या पँटकडे गेलं. कंबर मागून आत घेतलेली होती, तीही दोनदा. एका शिवणीशेजारी दुसरी, ताजी. चेहरा पांढराफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात, असायला हवं त्याच्या निम्मं. फाईलवर हिरवा ठिपका होता. तिने आत रिपोर्ट शोधला, तो नव्हता.

"काका, त्या डबीचं काय केलंत?"

"मशीनच्या खणात आहे." ते खाली बघत म्हणाले. "नमुना कसा घ्यायचा ते नीट कळलं नव्हतं. तुम्ही सगळ्या नातीच्या वयाच्या पोरी, मी कसा विचारू? म्हटलं, डबीचं कुणी विचारलं की सांगू. दर खेपेला वाट बघायचो. कुणी विचारलंच नाही."

डबी दिल्यापासून सात महिन्यांत सात वेळा काका येऊन गेले होते. सात वेळा कुणीतरी ठिपका बघितला आणि गप्प बसलं. त्यातल्या दोन वेळा ती स्वतः होती.

तिने त्याच दिवशी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलाय, आता दुखणं कमी करायचं, बाकी काही नाही.

मग तिने सगळ्या फायली उपसल्या. ठिपक्याच्या एकशे बासष्ट, परत आलेल्या डब्या एकोणीस. दवाखान्याच्या दोनशे माणसांत एकोणीस, म्हणजे चौदा टक्क्यांचे साडेनऊ झाले होते. तिने मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस, डबी परत आली की लावायला दुसऱ्या रंगाचा ठिपका आणू. पुढच्या महिन्यात कारभार नव्या तुकडीकडे जायचा होता. त्या तुकडीच्या म्होरक्याने सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, तो भिंतीवरचा तक्ता आम्हाला परिषदेत दाखवायला मिळेल का. टक्केवालीला रडूही आलं नाही, इतका संताप आला.

पुढच्या शनिवारी काका आले. आता पट्टा बांधूनही पँट सरकत होती. तिने बाहेर व्हरांड्यात नेऊन त्यांना सरळ सांगून टाकलं.

"काका, चूक माझी आहे. ठिपका बघून विचारायचं नाही, हा नियम मीच काढला होता."

काकांनी पिशवीतून शिवणकामातल्या चिंधीत गुंडाळलेली डबी काढून तिच्या हातात ठेवली.

"उघडलेलीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण त्याला विचार हो, आणलीस का म्हणून."

तिने मान हलवली. काका पायऱ्या उतरेपर्यंत ती उभी राहिली, मग तिने डबी उलटी करून बघितली. वापरायची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती.

आत येऊन तिने डबी काकांच्या फाईलवर ठेवली आणि नखाने हिरवा ठिपका खरवडायला घेतला. तो काही निघेना. अर्धा फाटून तिथेच राहिला, आणि तोवर पुढच्या पेशंटचा नंबर आला.