चौथं कडवं

अर्धवट काम दिसलं की सत्यशीलाबाईंना चैन पडायचं नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवल्याचा परिणाम, दुसरं काय! त्यामुळे वडवणीच्या त्यांच्या चर्चमधलं एक गीत त्यांना जन्मभर सलत आलेलं. इंग्रजीत कडवी चार, मराठीत तीनच. तीन गाऊन झाली की पेटीवाला चौथ्याची नुसती चाल वाजवायचा, मंडळी एक शब्द न गाता उभी राहायची, आणि मग आमेन. असं का, कुणी विचारायचं नाही. आजोबा उभे राहायचे म्हणून बाप, बाप उभा राहायचा म्हणून पोरं.

यंदा गीतांचं नवं पुस्तक निघणार होतं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तेवढं चौथं कडवं मराठीत आणा. अनुवादक म्हणून तुमचंही नाव छापू."

बाई हरखल्याच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या, आता स्वतःचं नाव छापून येणार म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? महिनाभर खपून त्यांनी चार ओळी केल्या. देवा, दिलंस त्याचे आभार आणि नेलंस त्याचेही आभार, असा अर्थ. रविवारी त्यांनी ते गायचं आणि सोमवारी मजकूर छापखान्यात, असं ठरलं.

पहिली तीन कडवी मराठीत आणली होती ती शहादेव मास्तरांनी. त्यांची लेक मुक्ताबाई गेवराईत राहायची, नव्वदीला टेकलेली. तिच्या कानावर घालावं म्हणून बाई शनिवारी एसटीनं गेल्या. जरा शाबासकीही हवी होती, खोटं कशाला बोला!

मुक्ताबाईनं कडवं ऐकलं. "लई ग्वाड झालंय," म्हणाली. मग म्हणाली, "आबांनी तीन कडवी एका बैठकीत लिवली. चौथं लिवायचं त्याच हप्त्यात माझी थोरली बहीण पटकीनं गेली. सात वर्साची हुती. रविवारी आबा गायला उभे ऱ्हायले. तीन म्हणले. चौथ्याला शब्द कुठं हुते? पेटीवाल्याला काई सुधरंना, त्यो वाजवीतच गेला. लोक आबांसंगं उभे ऱ्हायले."

"पण पुढं चाळीस वर्षं जगले की मास्तर! मग का नाही लिहिलं?"

"मी बी इचारलं. म्हणले, पयल्या साली हातच उठंना. मंग बघितलं, तर त्या जागंत समद्यांचे व्हट हलतेत. ज्याचं त्याचं चालू हाय. तिथं मी काय लिवू?"

परतीच्या गाडीत बाईंना रागच आला. मास्तरांचं दुःख मान्य, पण म्हणून पुस्तकात कायमचं भोक ठेवायचं का? आपलं कडवं गायचंच, असं ठरवूनच त्या रात्री झोपल्या.

रविवारी बाई कागद घेऊन मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जन्मभर पहिल्या बाकावर बसलेल्या, मागं काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तीन कडवी झाली. पेटीवाल्या पप्पूनं चौथ्याची चाल धरली आणि मान हलवून खूण केली.

बाईंनी समोर पाहिलं. म्हातारे धुळाजी कुणाशी तरी भांडत होते, आवाज न करता. भिवराबाई हसून काही सांगत होती. गेल्या महिन्यात बाळ गेलेली करिष्मा डोळे मिटून पुटपुटत होती. ओळीच्या ओळी ओठ हलत होते. अगं बाई! हे गीत तर इतकी वर्षं थांबलंच नव्हतं!

आणि त्यांचे स्वतःचेही ओठ हलत होते. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याला, शमुवेलला, त्या दर रविवारी इथंच आठवड्याची खबर द्यायच्या. गुडघा दुखतो, छत गळतं, गेवराईला जाऊन आले. आपण एकट्याच चोरून बोलतो, असं त्यांना वाटायचं. आज मात्र त्या म्हणत होत्या, "तुमच्याच जागेवर कडवं बसवायला निघाले होते हो मी."

चाल संपली. आमेन झालं. कागदाची घडी तशीच राहिली.

बाहेर पाळकसाहेबांनी गाठलं. "बाई, गायला नाहीत? उद्या छापायला काय देऊ?"

"चौथा आकडा टाका आणि खाली चार ओळींची जागा कोरी सोडा."

"आणि अनुवादक?"

"शहादेव मास्तर," बाई म्हणाल्या. "चारही कडवी त्यांचीच आहेत."