खांद्यावरची हार्प

"उचल की म्हाताऱ्या! देवी खोळंबलीय, आणि तू हार्पेला मुजरा केल्यासारखा वाकून उभा!" एवारिस्ता दारातून ओरडली.

ग्रिमाल्दो केंचो वाकला होता खरा, पण हार्पेसकट उठता येत नव्हतं. उजव्या खांद्यात अशी कळ चमकली की भर सकाळी त्याला चांदण्या दिसल्या.

पेरूच्या डोंगरातल्या आन्तापुक्यो गावात कार्मेन मातेची, म्हणजे मेरीची, मिरवणूक निघते तेव्हा हार्प जमिनीवर ठेवत नाहीत. उलटी करून, तिचं फुगीर पोट वर घेऊन ती खांद्यावर धरायची आणि चालता चालता वाजवायची. चाळीस वर्षं ते काम ग्रिमाल्दोचं. वर तो सांगायचा की या हार्पेला धबधब्यातल्या जलपरीनं सूर लावलाय, तेव्हापासून एक तार उतरलेली नाही.

"मग रोज सकाळी किल्ली घेऊन कुणाचे कान पिळतोस?" एवारिस्ता विचारायची.

"जलपरीची आठवण काढतो गं."

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. सणाचा यजमान ओर्लिंदो. त्यानं लिमाहून विजेच्या वाद्यांचा बँड मागवला होता. स्पीकर एवढे थोरले की नुसतं 'हॅलो, हॅलो' म्हटल्यावर तीन गल्ल्यांतल्या कोंबड्यांनी मुदतीआधी अंडी घातली. संध्याकाळचा नाच बँडचा. ग्रिमाल्दोच्या वाट्याला उरली मिरवणूक. तिच्यावरही ओर्लिंदोचा डोळा होताच. वडीलधाऱ्यांना लावतात ते 'तायता' लावून तो म्हणाला, "तायता, खांदा दुखत असेल तर सांगा हं. मिरवणुकीचं गाणं पेन ड्राइव्हवर आणलंय. हातगाडीवर स्पीकर ठेवला की झालं."

ग्रिमाल्दोला कळत होतं, एकदा गाणं हातगाडीवर चढलं की ते पुन्हा माणसाच्या खांद्यावर येत नाही. म्हणून त्यानं ठोकून दिलं, "माझा खांदा? परवाच गाळात रुतलेलं गाढव उचललं मी!"

"गाढवानं याला उचललं," एवारिस्ता म्हणाली. पण खांद्याचं तिनंही कुणाला सांगितलं नाही. दोघांनी मिळून हार्प, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तशी, चर्चच्या पायरीपर्यंत आणली आणि एवारिस्ता नाचणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली.

घंटा वाजली. देवीची पालखी दारातून बाहेर आली. ग्रिमाल्दो पुन्हा वाकला. हार्प गुडघ्यापर्यंत आली आणि धपकन खाली गेली. तारा विव्हळल्या. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

ओर्लिंदोनं हळूच हातगाडीचा दांडा धरला.

"थांबा!" गर्दीतून आवाज आला. बँडची गायिका योसेलिन. देवीच्या पाया पडायला आली होती, नाचाच्या चमचमत्या पोशाखातच. "तायता, तुम्ही वाजवा. हार्प मी घेते."

"तू? पोरी, नखं बघ तुझी."

"नखं चिकटवलेली आहेत, खांदे माझेच आहेत. आमच्या गावी हार्पवाल्याच्या पुढं हार्प वाहत मीच चालायचे." तिनं वीतभर टाचांचे बूट काढले आणि ओर्लिंदोच्या दोन हातांत दोन दिले. "धरा जरा." आता गाडी कशानं ओढणार बिचारा?

तिनं गुडघा टेकला, हार्प खांद्यावर घेतली आणि उठली. "बाई गं! बायको लपवलीय की काय आत?"

"बायको ती बघ तिकडं. ती याहून जड आहे."

"ऐकू येतंय मला!" एवारिस्ता पालखीपुढून ओरडली, आणि गाव एकदाचं हसलं.

मिरवणूक निघाली. पालखीच्या बाजूनं योसेलिन अनवाणी, तिच्या मागं ग्रिमाल्दो, हात पुढं करून वाजवत. पहिल्या गल्लीत खांदा मोकळा असल्याची त्याला लाज वाटली. भर बाजारात टोपी उडून जावी तशी. पण योसेलिनची पावलं ठेक्यात पडत होती, एकही तार हिसकत नव्हती. दुसऱ्या गल्लीत त्यानं मनातल्या मनात तिचे आभार मानले, देवीचेही मानले, आणि उदार होऊन ओर्लिंदोचेसुद्धा, कारण तिला बोलावणारा तोच होता.

मग त्यानं मान वर केली.

चाळीस वर्षं कानाशी हार्प आणि हनुवटी छातीशी. मिरवणूक म्हणजे त्याला ठाऊक होते ते रस्त्याचे दगड आणि पालखीवाल्यांच्या टाचा. आज त्याला धूप दिसला, खिडक्यांतून पडणाऱ्या पाकळ्या दिसल्या. पालखीपुढं बायका देवीला पाठ न दाखवता उलट्या पावली नाचत होत्या. त्यांत एवारिस्ता.

बायकोचा मिरवणुकीतला नाच त्यानं कधी पाहिलाच नव्हता. फक्त वाजवला होता.

घागऱ्याची कड दोन बोटांत उचललेली. पावलं इतकी बारीक की धूळही उठत नव्हती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर घरचं काहीच नाही, चूल नाही, तो नाही.

त्याची बोटं तारेवर थबकली. तिनं डोळे उघडले.

"बघतोस काय म्हाताऱ्या? वाजव!"

फिरून पुन्हा चर्चचा चौक आला. गाणं संपवायची वेळ झाली. योसेलिन मान वळवून कुजबुजली, "तायता, गाण्याचा शेवटचा वळसा झाला ना?"

"कुठं झाला? अजून एक आहे," ग्रिमाल्दोनं साफ खोटं सांगितलं आणि तो पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लागला, कारण गाणं संपलं की एवारिस्ता घागऱ्याची कड सोडणार होती.