चालू दर

मिस्त्रीने गुडघे टेकले आणि हातोडीच्या लाकडी मुठीने फरशीवर ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. त्याने शेजारची ठोकली, मग तिच्या पुढची. जिन्यापासून खिडकीपर्यंतचा सगळा व्हरांडा तो तसाच रांगत गेला. एखादी तरी पोकळ वाजेल, खाली मसाला कमी पडलेला असेल, एखादा कोपरा उचललेला असेल, या आशेवर. खिडकीशी पोहोचल्यावर त्याने पाणसळ टेकवली. काचेतला बुडबुडा सरकत सरकत मधोमध जाऊन थांबला.

"काय म्हणतंय काम?" ठेकेदाराने जिन्यातून विचारलं.

"ठीक आहे."

"नुसतं ठीक?"

मिस्त्री उठला, गुडघे झटकले. इतर कशाबद्दल काहीही बोलला असता, पण फरशीबद्दल त्याला खोटं बोलता येईना.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

काम बाहेरून आलेल्या लोकांनी केलं होतं. त्यांच्या टोळीचा म्होरक्या उंच, अबोल माणूस होता. पहिल्या आठवड्यात कुणीतरी थट्टेने म्हटलं, "पाहुणा आहे, दोन दिवस राहील आणि जाईल." त्याला आता दोन वर्षं झाली होती. थट्टा विरून गेली, नाव राहिलं. मिस्त्री जिथे तीन मागायचा, तिथे पाहुणा दोनात करायचा.

"तुम्हाला मुद्दाम बोलावलं," ठेकेदार म्हणाला. "उद्या तुम्हीच बाहेर म्हणाल, स्वस्तात मिळतात म्हणून मी कसंही काम करून घेतो. आता पाहिलंत ना डोळ्यांनी? मग सांगा, मी जास्त का द्यायचे?"

बावीस वर्षं दिलेत म्हणून, असं मिस्त्रीच्या ओठांवर आलं होतं. पण ते काही कारण नव्हे, हे त्यालाही कळत होतं. त्याने पाणसळ पिशवीत घातली आणि तो जिना उतरला.

त्यानंतर दहा आठवडे तो घरी होता. घर बायकोच्या पगारावर चालत होतं, आणि बायकोचा पगार पाहुण्यांवर. तिची शाळा मुलांअभावी बंद पडली होती. मग वर्षभरापूर्वी वाचनालयात बाहेरून आलेल्यांसाठी भाषेचा संध्याकाळचा वर्ग निघाला आणि तिला पुन्हा हातात खडू मिळाला.

"हे लोक आले नसते तर मला काम असतं," एकदा जेवताना मिस्त्री म्हणाला.

"आणि मला नसतं. फिट्टंफाट झाली," बायको म्हणाली आणि हसली.

त्यालाही हसावंसं वाटलं, पण नेमकं कुणाला हसायचं ते ठरेना. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचीही तीच गत. हे लोक आले म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही, असं तो उजव्या गालाला म्हणायचा, आणि डाव्या गालाशी पोहोचेपर्यंत हे लोक आले म्हणून दुकानाचं भाडं वाढलं म्हणून वैतागायचा. मिस्त्री दोन्ही वेळा मान हलवायचा आणि न्हावी म्हणायचा, "हलू नका, कापेल."

एक दिवस बायको म्हणाली, "अहो, वर्गावर या. हत्यारांची नावं शिकवा त्यांना. थापीला चमचा म्हणतात बिचारे. ठेकेदार हसतो."

"म्हणजे माझ्या हाताने माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"घरात बसून तरी काय करताय?"

घर खायला उठलं होतं हे खरंच होतं. तो गेला.

वर्ग वाचनालयाच्या बालविभागात भरायचा. सोळा थोराड माणसं बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मिस्त्रीने पिशवीतून एकेक वस्तू काढून वर धरली. थापी. ओळंबा. पाणसळ. सगळे एका सुरात म्हणत, वहीत लिहून घेत. पुढच्या रांगेतल्या पाहुण्याने हात वर केला.

"पाणसळ तो की ती?"

"ती."

"आणि ओळंबा?"

"तो."

"कोण ठरवला हे?"

वर्ग हसला. मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं, तिने खांदे उडवले, आणि पुष्कळ दिवसांनी मिस्त्रीही मोकळा हसला. त्या हसण्यातच पाहुण्याने पुढचं विचारलं.

"मिस्त्री, इथला माणूस या कामाचे किती घेतो?"

मिस्त्रीने आपला दर सांगितला. पाहुण्याने तो पुन्हा म्हणायला लावला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान खाली घातली. मग त्याने बाईंना विनंती केली, हे मागायचं कसं ते लिहून द्या. बाईंनी फळ्यावर लिहिलं: चालू दराप्रमाणे मजुरी द्या. सोळा पेन्सिली खरखरल्या.

"चांगलं केलंत," परतताना बायको म्हणाली.

मिस्त्री पिशवी सावरत चालत राहिला. पाहुण्यानेही तीन मागितले, तर ठेकेदाराला आपल्याला टाळायचं कारण उरणार नाही, हा हिशोब त्याच्या डोक्यात आला होता. तो हिशोब दर सांगण्याआधी आला की सांगून झाल्यावर, ते आठवायचा त्याने घरापर्यंत प्रयत्न केला. आठवेना.

आठ दिवसांनी ठेकेदाराचा फोन आला.

"तुमच्या त्या पाहुण्याला शिंगं फुटली. तीन मागतोय. दुसऱ्या मजल्याचं काम अर्ध्यावर होतं, तरी दिला घालवून."

"मग?"

"मग काय, तुम्ही या. पण मिस्त्री, आधीच सांगतो, दर दोनचाच. पटत नसेल तर बाहेर रांग आहे."

आतल्या खोलीत भाजी चिरण्याचा आवाज थांबला होता. मिस्त्रीने दोन शब्दांत उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" बायको दारात आली.

"बोलावलंय."

"आणि दर?"

"नेहमीचा."

तिचा चेहरा एवढा उजळला, की मिस्त्रीला पिशवी शोधायचं निमित्त काढून तिथून उठावं लागलं.

दुसऱ्या मजल्यावर पाहुण्याने ताणलेली दोरी तशीच होती. शेवटची फरशी जिथे थांबली होती, तिच्या कडेचा मसाला खरवडून मिस्त्रीने पुढची बसवली. त्याने दोरी हलवली नाही, हलवायची गरजच नव्हती. संध्याकाळी तो उभा राहिला, कंबर सरळ केली आणि खोलीवर नजर टाकली, तर पाहुण्याचं काम कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं ते त्यालाच ओळखू येईना.

घरी जाताना तो बायकोला घ्यायला वाचनालयात शिरला. खांद्यावर पिशवी, पँटवर सिमेंट. त्याला पाहताच वर्ग उभा राहिला. बायकोने बातमी आधीच सांगून ठेवली होती. पाहुणा पुढच्याच रांगेत होता.

"मिस्त्री, माझ्या जागी तुम्ही?"

"हो."

"तुम्हाला चालू दर दिला?"

फळ्यापाशी बायको उभी होती, हसऱ्या चेहऱ्याने.

"दिला," मिस्त्री म्हणाला.

आता हा चिडेल, ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल, अशी त्याची तयारी होती. चिडला असता तर बरं झालं असतं. पण पाहुण्याने टाळी वाजवली.

"म्हणजे देतात!" तो मागे वळून आपल्या भाषेत बाकीच्यांना भराभर काही सांगू लागला. मग बाईंकडे वळला. "चूक माझी होती, बाई. मी मजुरी दे म्हटलं. द्या नाही म्हटलं. मोठ्या माणसाला दे म्हटलं तर राग येणारच."

"तसं नसेल रे," बाई म्हणाल्या.

"तसंच. मिस्त्रींना दिला ना?"

बाईंना ते पटल्यासारखं दिसलं. त्यांनी फळा पुसला, नवा खडू घेतला.

"अहो, मग तुम्हीच सांगा. तुम्ही नेमकं काय म्हणालात ठेकेदाराला? जसंच्या तसं सांगा, म्हणजे यांनाही येईल."

सोळा पेन्सिली वर झाल्या. पिशवीचा पट्टा मिस्त्रीच्या खांद्यात रुतत होता. त्याने तो या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. काहीतरी चांगलं, ठसठशीत वाक्य त्याला सुचायला हवं होतं. एकही सुचेना.

"उद्यापासून येतो," तो म्हणाला.

"एवढंच?" पाहुण्याने विचारलं.

"एवढंच."

बाई लिहू लागल्या. पहिला शब्द झाला, दुसऱ्याचं पहिलं अक्षर झालं, आणि खडू थांबला. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री बूट पाहत होता. मग त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या आणि उरलेलं अक्षर सावकाश, वळणदार काढून त्यांनी शब्द पुरा केला.

वर्गाने ते मोठ्याने म्हटलं. पाहुण्याचं एका वेळेने समाधान झालं नाही. ओठांतल्या ओठांत त्याने ते आणखी दोनदा घोळवलं, आणि मग बरोबर जमलं का, म्हणून मिस्त्रीकडे पाहिलं.